दणक्याच्या पोटात काय गेलं?

"धर! मान धर त्याची! सोडू नको!"

गोटीरामकाका ओरडले आणि दिशानं डोळे गच्च मिटून दणक्याच्या मानेला मिठी मारली. मागच्या पायांवर जीवन चढून बसला होता. कुत्र्याच्या अंगावर गोणपाट, गोणपाटावर दोन पोरं आणि समोर एका हातात बांबूची कांब, दुसऱ्या हातात पिवळी गोळी घेतलेले काका! गोळी द्यायचा कार्यक्रम चाललाय की कुस्तीचा, हे बघणाऱ्याला सांगूनही पटलं नसतं.

"आ कर, लेका! आ कर म्हणतो ना!" काकांनी दणक्याच्या दातांत कांब आडवी खुपसली.

पुढचं सगळं एका झटक्यात झालं. कांब कडाडकन मोडली. दणक्यानं असा हिसका दिला, की जीवन उडून गव्हाणीत पडला, दिशाचं डोकं खांबावर आपटलं आणि काकांचा पंजा थेट दणक्याच्या जबड्यात गेला!

"आई गं! मेलो! सोड, सोड!"

पंजा सुटला तेव्हा मनगटापर्यंत रक्त ओघळत होतं. काकांचं डोकंच फिरलं. त्यांनी खुंटीवरचा दोर ओढला आणि त्या आजारी कुत्र्याला सपासप मारायला सुरुवात केली. एक! दोन! तिसरा फटका दणक्याला लागलाच नाही, कारण दिशा मध्ये आडवी पडली होती. दोर तिच्या खांद्यावर बसला आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"गोटीराम!" गोठ्याच्या दारातून योगेशमामा गरजले. "दोर टाक खाली! पोरीला मारतोस?"

"कुत्र्याला मारीत होतो, योगेशभाऊ. ही मधी आली," काका दोर टाकत म्हणाले.

"आणि कुत्र्याला तरी का? दुखतंय म्हणून चावला तो! जा, जखम साबणानं धू आणि गाडीत बस. इंजेक्शन घ्यायचंच."

दणक्या खरं तर दिशाचा. दोन वर्षांपूर्वी गंगापूर रोडवर शाळेतून येताना तिला तो गटारात सापडला होता, मुठीएवढा. सोसायटीनं सभा भरवली, ठराव केला आणि कुत्र्याला हाकलून दिलं. मग मामांनी त्याला गिरणाऱ्याच्या आपल्या द्राक्षमळ्यात आणलं. तेव्हापासून सुट्टी लागली, की दिशा मामाकडे पळायची आणि दणक्या फाटकावरच तिला आडवा पाडायचा. यंदा फाटकावर कुणीच आलं नाही. तो गोठ्यात पडून होता, अंगात ताप आणि कानांत गोचिडांचे घोसच्या घोस!

"गोचिडताप आहे," डॉक्टर पूजा गायधनींनी सांगितलं होतं. "रोज दोन गोळ्या, एकवीस दिवस. उपाशीपोटी मात्र मुळीच द्यायच्या नाहीत. खाल्लं तर गोळी, आणि गोळी गेली तरच कुत्रा वाचेल. मी गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही."

आणि दणक्या तर भाकरीकडे बघतही नव्हता. दुधात गोळी घातली, त्यानं दूध सोडलं. भातात लपवली, भात खाल्ला आणि गोळी तेवढी स्वच्छ चाटून बाजूला ठेवली. म्हणून ही कुस्ती.

संध्याकाळी काका हाताला पट्टी बांधून परतले. दिशाच्या खांद्यावर उठलेला वळ बघून त्यांचा चेहरा उतरला. बेदाण्याचं शेड त्यांच्या ताब्यात होतं, मळ्यात वीस वर्षं गेली होती, आणि आपल्याला जमत नाही असं काही जगात असतं हेच त्यांना मान्य नव्हतं.

"गोळीचं माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "उद्यापास्नं गोळी बरोब्बर पोटात जाईल. कशी, ते कुणी विचारायचं नाय!"

आणि खरंच, तीन दिवसांत पाकिटातल्या सहा गोळ्या संपल्या. मामांनी काकांची पाठ थोपटली. मामी तर म्हणाल्या, "गोटीरामला डॉक्टरच करायला पाहिजे होतं!"

फक्त दणक्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो दिवसेंदिवस खंगत चालला होता. उलट्या करायचा, उठला की झोकांड्या खायचा, आणि कुणी जवळ गेलं की दात विचकायचा.

"काका गोळ्या फेकून देतायत. शंभर टक्के!" जीवननं जाहीर केलं. जीवन म्हणजे मामांचा मुलगा, वय वर्षं अकरा, आणि त्याचं सगळंच शंभर टक्के असायचं.

"कशावरून?" दिशानं विचारलं.

"गोळी पोटात गेली असती, तर तो बरा नसता का झाला?"

"तुम्ही दोघं भांडत बसा," हर्षाली गळ्यातली गलोल सारखी करत म्हणाली. "मी चालले शेडमधी. सकाळी काका गोळी घेऊन तिकडंच जातात, मी पाह्यलंय." हर्षालीचे आईवडील पेठकडचे. द्राक्षाच्या कामाला इथं येऊन राहायचे आणि भातलावणीला परत डोंगरात जायचे. हर्षाली तेरा वर्षांची होती आणि तिचा नेम असा होता, की जीवन तिच्याशी पैज लावायचं कधीच सोडून बसला होता.

तिघंही शेडमध्ये घुसली. जाळ्यांच्या थरांवर द्राक्षं वाळत पसरलेली, अर्धी हिरवी, अर्धी सोनेरी. खालच्या जाळीमागं तिघं एकमेकांच्या अंगावर पडून राहिली. जीवनच्या नाकाशी माशी आली.

"शिंकलास तर बघ!" दिशा कुजबुजली.

तेवढ्यात काका आले. मागून दोरीला धरून दणक्या. काकांनी इकडेतिकडे बघितलं, मूठभर बेदाणे घेतले, चांगले मळले, मध्ये गोळी दडपली आणि लिंबाएवढा लाडू वळून खाली ठेवला. भाकरीला तोंड न लावणारा दणक्या पुढं झाला आणि त्यानं लाडू मटकावला! एका घासात! काकांनी आणखी एक मूठ सुटे बेदाणे टाकले. तेही गेले.

"खा, राजा," काका हळूच म्हणाले. "बाळंतिणीला देतात, पैलवानाला देतात. बेदाण्यानं तुला लय ताकद येईल. मारलं मी तुला, मनात ठेवू नको."

काका गेल्यावर तिघं बाहेर आली. जीवनचं तोंड एवढंसं झालं होतं. "म्हणजे गोळी तर पोटात जातेय!"

"मग हा बरा का होत नाहीये?" दिशा म्हणाली. हे तर पहिल्यापेक्षा अवघड झालं.

पाचव्या दिवशी मामा-मामी निफाडला साखरपुड्याला गेले. अकराच्या सुमाराला ऊन असं तापलं होतं, की पाय ठेवता येईना. दणक्या गोठ्यात नव्हता! तो सापडला कोंडाजीआबांच्या बांधावर. पण तिघं पोचण्याआधीच तिथं आबांची काठी पोचली होती. "माझ्या रानात मरायला आलास?" म्हणत शेजारच्या या तापट म्हाताऱ्यानं दणक्याच्या बरगडीत काठी घातली. दणक्या कळवळून उलटला आणि त्यानं आबांच्या पोटरीत दात रुतवले! आबा पाटाच्या चिखलात बसले. दणक्याच्या तोंडाला फेस आला होता.

"पिसाळलंय! पिसाळलंय!" आबा बोंबलले. "थांब, माणसं घेऊन येतो. आज याला जित्ता ठेवला तर नावाचा कोंडाजी नाय!" आणि लंगडत लंगडत ते वस्तीकडे पळाले.

तिघांनी दणक्याला उचललं आणि ओढत, ठेचकाळत मळ्यात आणलं. वाटेत त्याला भडभडून उलटी झाली. दिशा नाक दाबून खाली वाकली. जीवन ओरडला, "ई! काय बघतेस?"

"बेदाणे," दिशा म्हणाली. "नुसते बेदाणे. फुगलेले." मग ती एकदम सरळ उभी राहिली. "जीवन, उलट्या कधी सुरू झाल्या?"

"सोमवारी रात्री."

"आणि काकांनी लाडू कधी सुरू केला? सोमवारी सकाळी! त्याआधी ताप होता, पण एक तरी उलटी झाली होती का?"

"नव्हती," हर्षाली म्हणाली. "आणि आणखी एक सांगू? कालपास्नं त्यानं खांबावर तंगडी वर केली नाय. गोठा कोरडा हाय."

मामांचा जुना मोबाईल जीवनकडे होता, आणि डॉक्टरांचा नंबर पाकिटावर. दिशानं एका दमात सगळं सांगितलं. 'बेदाणे' हा शब्द आला आणि डॉक्टरांचा आवाज चढला.

"किती बेदाणे?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज तीन-चार मुठी. चार दिवस झाले."

"अगं पोरी, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विष असतात! मूत्रपिंडं बंद पडतात!"

"पण डॉक्टर, खाली पडलेले मणी तो नेहमीच खातो!"

"एखादा मणी कुणाला पचतो, कुणाला तेवढाच बाधतो. आजारी कुत्र्याला मूठ-मूठ म्हणजे कहर झाला! मी हरसूल रस्त्याला आहे, पाऊण तासात येते. त्याला सावलीत ठेवा. आणि हे बघ, जानेवारीत मीच त्याला पिसाळण्याची लस टोचलीय. तो पिसाळलेला नाही. दुखतंय त्याला!"

फोन ठेवला तर फाटकावर आरडाओरडा! कोंडाजीआबा, त्यांचे दोन पुतणे आणि आणखी दोघं. चार काठ्या आणि एक कोयता!

"पाऊण तास," दिशा म्हणाली. "पाऊण तास त्यांना अडवायचं."

त्यांनी दणक्याला फवारणीच्या पंपाच्या पत्र्याच्या खोलीत नेलं आणि आतून कडी घातली. लगेच दारावर काठ्या धडाधड पडायला लागल्या.

"पोरांनो, बाहेर या! नायतर तुम्हालाबी पडंल!"

"आबा, त्याला लस दिलीय! डॉक्टर निघाल्यात!" दिशा खिडकीतून ओरडली.

"डॉक्टर माझी तंगडी परत देणार हाय का?"

एक दगड खिडकीतून आला आणि जीवनच्या कपाळावर फुटला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. आता मात्र हर्षालीनं गलोल ताणली. सप्प! दगड मारणारा पुतण्या हात झाडत नाचायला लागला. सप्प! कोयतेवाल्याच्या बोटांवर गोटी बसली आणि कोयता मातीत पडला.

"टाकीत काय आहे?" दिशानं विचारलं.

"साधं पाणी. सकाळी द्राक्षाचे कॅरेट धुवायला मीच भरलंय," जीवन रक्त पुसत म्हणाला. "शंभर टक्के!"

दिशानं फवारणीची गन खिडकीतून बाहेर काढली, जीवननं मोटर सुरू केली आणि हर्षाली जीव खाऊन किंचाळली, "पळा! द्राक्षाचं जहरी औषध हाय! डोळे जातील!"

पाण्याचा फवारा असा सुटला, की पहिला गडी पाठीवर आपटला. द्राक्षावर काय काय फवारतात ते त्या पाचही जणांना चांगलं ठाऊक होतं. "अरे देवा! तोंड झाका! तोंड झाका!" धोतरं, टोप्या, चपला सोडून सगळे हौदाकडे धावले आणि एकमेकांना तुडवत त्यात उड्या मारू लागले. एवढ्या प्रसंगातही जीवन पोट धरून हसला.

वीस मिनिटं अशी गेली. जवळ कुणी आलं, की फवारा! मग कोंडाजीआबांनी मिशीवरचं पाणी चाखलं. "अरे, हे तर साधं पाणी हाय! पोरांनी बनवलं आपल्याला!" आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. फवारा मलूल होऊन खाली पडला.

त्याच वेळी बेदाण्याच्या शेडकडून गोटीरामकाका पहार घेऊन धावत आले. "आबा, सरका! दार मी तोडतो. मलाबी चावलंय ते. पिसाळलंच असणार!"

"काका!" दिशाच्या डोळ्यांत आता पाणी आलं होतं. "तो पिसाळला नाहीये! तुमच्या बेदाण्यांनी त्याला विष झालंय! डॉक्टरांनीच सांगितलं!"

काका जागच्या जागी थांबले. "बेदाण्यांनी? कसं होईल? मी तर... ताकद यावी म्हणून..."

"दुधाला तोंड लावत नव्हता, पण तुम्ही दिलेलं सगळं खाल्लं त्यानं! चार दिवस!"

पहार काकांच्या हातात होती, पण हात हलेना. आबांनी ती हिसकावली. दोन घावांत कडी तुटली, दार आत कोसळलं. दणक्याला उभंही राहता येत नव्हतं. दिशा त्याच्या अंगावर पालथी पडली, जीवन आणि हर्षाली तिच्या पुढं उभी राहिली. आबा एवढे पेटले होते, की समोर पोरं आहेत हेही त्यांना दिसेना. त्यांनी काठी डोक्यावर उचलली.

काठी बसली. आवाज एवढा मोठा झाला, की बाहेरची चिमणी उडाली. पण पोरांना काही लागलं नाही. मध्ये गोटीरामकाका घुसले होते. काठीचे दोन तुकडे त्यांच्या पाठीवर झाले होते आणि ते गुडघ्यावर बसले होते.

"मारा!" ते ओरडले. "आणखी मारा, आबा! कुत्र्याची चुकी नाय, पोरांची नाय. माझी हाय! विष मी घातलं त्याला, माझ्या हातानं. आधी मला मारा, मग त्याला!"

म्हातारा अर्धी काठी हातात धरून बघतच राहिला. पुतण्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात फाटकातून हॉर्न वाजवत डॉक्टरांची गाडी आली. त्यांनी फुटलेलं दार, रक्ताळलेला जीवन, ओले कपडे, सगळं एका नजरेत पाहिलं.

"पाच बाप्ये आणि तीन पोरं! वा!" त्या म्हणाल्या. "पोरांवर काठ्या चालवता? योगेशभाऊ आले की याचा जाब द्यावा लागेल. आबा, लसीची नोंद माझ्या वहीत आहे. तरी तुम्ही आजच्या आज जाऊन इंजेक्शन घ्यायचं, चावा तो चावाच. आता सगळे बाहेर!"

मग सलाईन लागलं. सुई टोचताना दणक्यानं दात विचकले, पण चावायचीही ताकद उरली नव्हती. बाटली उंच धरून काका तासन्‌तास उभे राहिले. बस म्हटलं तरी बसले नाहीत.

"दोनच गोष्टी सांगते," निघताना डॉक्टर म्हणाल्या. "त्यानं मोकळी लघवी केली, तर मूत्रपिंडं चालू झाली समजा. आणि स्वतःहून खाल्लं, तर गोळ्या सुरू करता येतील. दोन्ही झालं तर कुत्रा तुमचा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नुसती थेंब थेंब लघवी. खाणं तर नाहीच. निफाडहून परतलेल्या मामांनी आबांच्या घरी जाऊन त्यांना खडसावलं होतं, पण इथं त्यांचाही इलाज चालेना. दूध, अंडं, भात, सगळ्याकडे दणक्यानं पाठ फिरवली. कुणी हात पुढं केला, की तो भिंतीला चिकटायचा. फसवून फसवून माणसांनी त्याचा विश्वासच घालवला होता.

"त्याला काही द्यायचंच नाय," हर्षाली अचानक म्हणाली.

"म्हणजे?" जीवन भडकला. "मरू द्यायचा?"

"आपण खायचं. त्याला विचारायचंसुद्धा नाय."

हर्षालीच्या बापानं धरणातून मासे आणले होते. तिच्या आईनं ते बिनमिठाचे उकडले आणि काटे काढले. तिघं दणक्याकडे पाठ करून बसली आणि मचामचा, चापचाप खायला लागली.

"अहाहा! शंभर टक्के भारी!" जीवन म्हणाला. मीठ नसलेला मासा गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मला दे! माझा घास का घेतलास?" दिशानं खोटं भांडण काढलं. मागं काहीतरी सरपटलं. कुणी वळून बघितलं नाही. दिशाच्या कोपराला गरम नाक लागलं.

"आता घासाघासानं," हर्षाली ओठ न हलवता पुटपुटली. "पहिला नुसता. दुसऱ्यात गोळी. आणि तिसरा आधीच दाखवून ठेव, म्हणजे दुसरा चावत बसणार नाय."

पहिला घास दिशाच्या मांडीवरून 'चुकून' पडला. गट्ट! तिसरा हर्षालीच्या बोटांत दिसत होता. दुसरा पडला, आणि तिसऱ्यावर डोळा ठेवून दणक्यानं तो न चावताच गिळला. गोळीसकट!

तिघांनी श्वास रोखून जमिनीवर बघितलं. गोळी कुठंच नव्हती. मामा, मामी आणि पुन्हा सलाईन लावायला आलेल्या डॉक्टर दाराआडून बघत होते. गोटीरामकाका त्यांच्याही मागं, पाठीला हळद लावून.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. कोंडाजीआबा! पोटरीला पट्टी, हातात काठी नव्हती. "जीवनच्या कपाळाला किती लागलंय ते बघायला आलो," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "हात उचलला, चुकलं माझं. कुत्र्याचं ते वेगळं. त्याचं मी ऐकून घेणार नाय."

दणक्या उठला. पाय लटपटत होते. सगळे बाजूला झाले. तो अंगणात आला, थांबला, इकडेतिकडे हुंगत फिरला, आणि सरळ आबांच्या मोटरसायकलीजवळ जाऊन त्यानं पुढच्या चाकावर तंगडी वर केली. धार सुरू झाली. ती थांबेचना!

"केली! केली!" दिशा किंचाळली आणि मामींच्या गळ्यात पडली. जीवन आणि हर्षाली नाचायला लागली. इतकी माणसं एका कुत्र्याच्या लघवीवर टाळ्या वाजवत उभी आहेत, हे गिरणाऱ्यात कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं!

"आम्ही सगळे मोठे गोळ्या मोजत बसलो," मामा म्हणाले. "कुत्र्याकडे फक्त या तिघांनी बघितलं."

"मी बारा वर्षं डॉक्टर आहे," डॉक्टर पूजा हर्षालीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पण हे पाठ फिरवून खाणं माझ्या पुस्तकात नव्हतं. आता सगळ्या मळ्यांमध्ये सांगणार, नाव तुझं सांगून!"

हर्षाली लाजून गलोलीच्या रबराशी खेळत राहिली.

गोटीरामकाका पुढं आले आणि पोरांसमोर उकिडवे बसले. दिशाच्या खांद्याकडे बघत ते म्हणाले, "मला वाटायचं, वीस वर्षांत मला सगळं कळलं. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? दिशाताई, उद्याची गोळी कशी द्यायची, मला शिकवशील?"

"शिकवीन," दिशा रडत रडत हसली. "पण मासा बिनमिठाचा असतो हं, काका. आणि तुम्हाला अख्खा खावा लागेल."

कोंडाजीआबा अजून आपल्या चाकाकडेच बघत होते. मग त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि एवढ्या जोरात हसले, की दणक्या दचकून त्यांच्यावर भुंकला. आठ दिवसांत पहिल्यांदाच, आणि चांगला दणदणीत!